वर्ध्याकडे गळ घेऊन

वर्धा जिल्ह्याचे नाव काढले की मासळी काही कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. सेवाग्राम येते, पवनारचा आश्रम येतो, कापसाच्या गाड्या येतात, हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांच्या आठवणी निघतात. आणि बोलणे खाण्याकडे वळलेच तर ते गोरसपाकावर येऊन थांबते. जिथे गांधीजी १९३६ साली येऊन राहिले, जिथे धाम नदीच्या काठी विनोबांनी १९३८ साली मुक्काम केला, त्या मुलखात रोहू आणि मरळ यांच्या गोष्टी काढणे म्हणजे कीर्तनाला बसून तमाशाची चौकशी करण्यासारखे आहे, असे आमच्या मेहुण्यांचे मत आहे. मेहुणे शाळामास्तर आहेत. त्यांची मते पक्की असतात. पण माझाही इलाज नाही. मी जन्माने समुद्राकाठचा आणि लग्नाने वर्ध्याचा. सासुरवाडीला जाताना लोक मिठाईचा पुडा नेतात. मी पुड्याबरोबर गळाची काठीही नेतो.

ही काठीची सवय पवईच्या तलावावरची. तिथे हौशी गळवाल्यांची जुनी संस्था आहे, आणि रविवारची सकाळ पाण्याकडे पाहत फुकट घालवण्यात जी मौज आहे ती ज्याला कळली त्याला समजावून सांगावे लागत नाही, आणि ज्याला कळली नाही त्याला समजावून सांगता येत नाही. आमच्या सौ.ला कळलेली नाही.

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने निघाले की सकाळी धामणगाव मागे पडते आणि पुलगाव येण्यापूर्वी गाडी वर्धा नदीच्या पुलावरून खडखडत जाते. मे महिन्याच्या अखेरीस त्या पुलावरून खाली पाहिले तर नदी दिसत नाही. नदीची जागा दिसते. वाळू, गोटे, आणि मधेमधे हिरवट पाण्याचे डोह. सातपुड्यात मुलताईच्या अंगाला उगम पावलेली ही नदी अमरावती आणि यवतमाळ यांना पलीकडे ठेवीत जिल्ह्याची पश्चिमेची शीव आखते आणि पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. पावसाळ्यात तिचे रूप पाहून भीती वाटावी. उन्हाळ्यात मात्र तिचा सगळा संसार त्या चारदोन डोहांत येऊन राहतो. नदीभरचे मासे तिथे कोंडलेले. पाणी उथळ, ऊन कडक. चोराला यापेक्षा सोपी तिजोरी कुठली? डोहात सुरुंग टाकायचा किंवा विषारी पूड कालवायची, की लहानथोर सगळी मासळी पोट वर करून तरंगू लागते. त्यातली दहा पोती उचलायची आणि उरलेली कुजत ठेवायची.

हा उद्योग नवा नाही. इंग्रजांनी १८९७ सालीच त्यावर कायदा केला होता. सुरुंगाने किंवा विषाने मासे मारणाऱ्याला दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, असे त्यात सांगितले होते. जाळ्याची घरे केवढी असावीत हे ठरविण्याचा, आणि एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी अजिबात बंद ठेवण्याचाही अधिकार त्या कायद्याने सरकारला दिला. पुढे महाराष्ट्राने १९६० साली आपला स्वतःचा मासेमारी कायदा केला. १८९७ च्या त्या जुन्या कायद्यात कशाने मारू नये हे सांगितले आहे, केव्हा धरू नये हे ठरविण्याची सोय आहे. पण एका माणसाने दिवसाकाठी किती मासे न्यावेत याचा आकडा नाही. तो आकडा मला या खेपेस एका तळ्याच्या काठी ऐकायला मिळाला.

त्या तळ्याचे नाव मी सांगणार नाही. गळवाले आपली जागा सांगत नाहीत ही त्यांची जुनी खोड आहेच. पण इथे दुसरेही कारण आहे, ते पुढे कळेल. आर्वीच्या बाजूला कुठेतरी, एवढे पुरे. सिंचनासाठी बांधलेला तलाव. मे अखेरीस निम्म्याच्याही खाली गेलेला. काठाला बाभळी, एक पडकी चौकी, आणि दोन डोंगे. तळ्याचा ठेका भोई-ढिवरांच्या एका लहानशा मच्छीमार सहकारी संस्थेकडे. मेहुण्यांचे जुने विद्यार्थी त्या संस्थेत असल्यामुळे आमची वर्णी लागली. लग्नघरातल्या पाहुण्यांच्या गोंगाटातून मी, मेहुणे आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा असे तिघे पहाटेच सटकलो.

चौकीपाशी एक म्हातारेबाबा जाळे विणीत बसले होते. सत्तरी उलटलेली, डोळ्याला चष्मा नाही, आणि बोटे अशी चालत होती की सुई दिसूच नये. माझी काठी आणि चकचकीत रीळ त्यांनी शांतपणे पाहून घेतले.

“जवाईबापू, टाका ना जी गळ,” ते म्हणाले, “पन दोन. तिसरी मासोळी तळ्याची.”

“आणि लहान लागला तर?”

“हात ओला करा, अन् सोडा. कोरड्या हातानं धरसान तर वाचत नाही ते.”

ओल्या हाताची गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती. माशाच्या अंगावर बुळबुळीत लेप असतो, तो त्याचे रोगापासून रक्षण करतो. कोरड्या हाताला तो निघून येतो. बाबांनी ते पुस्तक वाचलेले नव्हते, आणि त्यांचे काही अडलेही नव्हते. पाऊण किलोच्या आतला रोहू किंवा कतला कोणी न्यायचा नाही. मिरग लागून पहिले पाणी तळ्यात उतरले की जाळेही बंद आणि गळही बंद, ते थेट पोळ्याच्या आसपास उघडायचे. असे हे त्यांचे नियम. कुठे पाटीवर लिहिलेले नाहीत. त्या दिवशी दहा वाजेपर्यंत मला एक रोहू मिळाला, भाच्याला काहीच मिळाले नाही, आणि मेहुण्यांना ऊन लागले. हिशेबात आम्ही एका माशाने कमीच होतो. ती कसर संध्याकाळी जेवणाच्या पानावर भरून निघाली. वर्ध्याकडचे रश्शाचे तिखट असे असते की मासा समुद्रातला की तळ्यातला, हा प्रश्न दुसऱ्या घासाला उरत नाही. “गोड्या पाण्यातला मासा तो काय मासा!” हे आमच्या आईचे वाक्य मी त्या पानावर बसून मनातल्या मनात मागे घेतले.

योगायोग असा की त्याच रात्री माझ्या पुतण्याचा फोटो मोबाइलवर आला. तो सिॲटलला असतो. फोटोत तो आणि त्याच्या छातीपर्यंत येणारा एक चपटा, राखी मासा. हॅलिबट! हा मासा मोठा चमत्कारिक. जन्मताना चारचौघांसारखा असतो, पण वाढू लागला की त्याचा एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला जातो, आणि मग तो जन्मभर समुद्राच्या तळाशी एका कुशीवर पडून दोन्ही डोळ्यांनी वर पाहत राहतो. प्रशांत महासागरातला हॅलिबट दोनशे किलोच्याही वर वाढू शकतो. पुतण्याने खाली लिहिले होते : ‘काका, एकच. दुसरा धरायला बंदी.’

त्याचे मी नंतर सविस्तर ऐकले, आणि ऐकावे तेवढे थोडे. त्या एका माशासाठी अमेरिका आणि कॅनडा यांनी १९२३ साली तह केला. लढाईचा नव्हे, मासळीचा तह! हॅलिबट हिवाळ्यात खोल पाण्यात अंडी घालतो, म्हणून हिवाळ्याचे तीन महिने मासेमारी बंद, हे त्यातले मुख्य कलम. मग दोन्ही देशांचा एक आयोग बसला. तो आजही आहे, आणि दरवर्षी कोणत्या भागातून किती वजनाचा हॅलिबट काढायचा हे ठरवितो. त्यातला वाटा धंदेवाल्या नावांचा वेगळा, हौशी गळवाल्यांचा वेगळा. आमच्या पुतण्याच्या वॉशिंग्टन राज्यात हौशी लोकांसाठी ठराविक दिवस ठरवून देतात; माणशी दिवसाला एक मासा; धरला की कार्डावर नोंद; आणि त्या भागाचा ठरलेला वाटा पुरा झाला की उरलेले दिवसही रद्द. अलास्काच्या एका भागात तर भाड्याच्या नावेतून जाणाऱ्या पाहुण्यांना असाही नियम लावतात की लहान मासा चालेल, प्रचंड चालेल, पण मधल्या मापाचा लागला तर सोडून द्या. एकूण वजनाचा हिशेब जुळला पाहिजे.

पण मला सर्वांत बोलकी वाटली ती तिथल्या धंदेवाल्यांची गोष्ट. अलास्कात एके काळी नुसते दिवस ठरवून दिलेले असत. कोणी किती धरावे याला बंधन नव्हते. झाले काय, नावा वाढल्या, जो तो इतरांच्या आधी धरायला धावू लागला, म्हणून दिवस कमी केले. दिवस कमी केले म्हणून लोक आणखी जोराने धावू लागले. शेवटी १९९० च्या सुमारास मोठ्या भागांत वर्षातून चोवीस चोवीस तासांचे दोनतीन मोसम, एवढेच उरले! त्या चोवीस तासांत वादळ असो, काही असो, निघायचेच. नावा गच्च भरून बुडत, आणि बाजारात एकाच दिवशी मासळीचा डोंगर. १९९५ साली प्रत्येकाचा वाटा आधीच ठरवून दिला, तेव्हा ती धावपळ थांबली आणि मोसम आठ महिन्यांचा झाला. आपला वाटा आपलाच राहणार, हे कळल्यावर माणूस सावकाश मासे धरतो. ही गोष्ट मी मेहुण्यांना सांगितली. ते म्हणाले, “भाऊजी, उद्या तळ्यावर बैठक आहे. तिथे ऐका.”

बैठकीचे कारण असे. तळ्याचा ठेका पाच वर्षांचा. ३० जूनला संपणार. नवा ठेका याच संस्थेला मिळेल अशी सर्वांची आशा होती, पण आशा म्हणजे कागद नव्हे. आणि तळ्यात गेल्या पावसाळ्यात सोडलेली बोटुकली आता पाव-पाव, अर्धा-अर्धा किलोची होऊन फिरत होती.

ही बोटुकली म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. रोहू, कतला, मिरगल हे नदीचे मासे. पावसाळ्यात नदीला पूर आला, पाणी गढूळ होऊन काठांवर पसरले, की त्यांना अंडी घालण्याची इच्छा होते. किलोभर वजनाच्या रोहूच्या मादीच्या पोटात दोनेक लाख अंडी असतात. पण साचलेल्या तळ्यात ती बहुधा घातली जात नाहीत. म्हणून पूर्वी पुराच्या पाण्यातून पिल्ले गोळा करून ती तळ्यांत आणून सोडीत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात अंगुल येथे हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञांनी माशाच्या मेंदूलगतच्या ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांकडून अंडी घालवून घेतली, आणि देशभरच्या मत्स्यबीजाचा प्रश्न सुटला. १० जुलै हा दिवस आता मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. अंड्यातून निघतात ती जिऱ्यासारखी बारीक, म्हणून त्यांना मत्स्यजिरे म्हणतात. पुढे बोटाएवढी झाली की बोटुकली. मच्छीमार संस्था ती विकत घेते आणि तळ्यात सोडते. म्हणजे तळ्यातला मासा हा रानमेवा नव्हे. ते पेरलेले पीक आहे. पेरले एकाने आणि कापणी दुसऱ्याच्या हाती जाण्याची वेळ आली, तर शेतकरी काय करील?

बाभळीखाली वीसबावीस माणसे बसली होती, चारपाच बायाही होत्या. वरून आभाळ ओतत होते नुसते. एक तरणा मुलगा, आमच्या मेहुण्यांचाच विद्यार्थी, उभा राहिला.

“पैसे आमचे, रात्रीची राखण आमची,” तो म्हणाला. “अन् उद्या ठेका दुसऱ्याले भेटला तर मासोळी त्याची? मी म्हनतो, बारीक जाळं लावा, सारं काढा. सोडाचं कायले?”

दोघातिघांनी माना हलविल्या. त्याचे काय चुकले, असे मलाही वाटून गेले. कोणाची शाळेची फी होती, कोणाचे डोंग्याचे कर्ज होते. खरे सांगायचे तर त्या बैठकीत मुंबईहून आलेल्या माणसाने ‘लहान मासे मारू नका’ असे सांगितले असते तर मीच त्याला उठवून लावला असता.

बाबा काही बोलेनात. बोलली ती बाजारात मासोळी विकणारी एक बाई. डोक्यावरचा पदर सारखा करून ती म्हणाली, “काढा ना बाप्पा! पन इकन कोन? मीच ना? पावकिलोची रोहू कोनी धरत नाही हातात. अर्ध्या भावानं मागते लोकं, नुसते काटे हाय म्हनते. सारे एकाच दिवशी काढसान तं तेवढाही भाव भेटनार नाही. घरी आनून काय माय वाळवू?”

माझ्या डोळ्यांपुढे अलास्काचा तो चोवीस तासांचा मोसम उभा राहिला. तिथल्या दर्यावर्दींना जे कळायला वर्षे लागली, ते या बाईने टोपलीच्या हिशेबाने सांगून टाकले. तरी तो मुलगा बसेना. “मंग दुसऱ्यासाठी ठेवाचं?” हा त्याचा प्रश्न काही सुटलेला नव्हता, आणि तिथे कोणाकडेही त्याला उत्तर नव्हते. दोन तास बोलणी झाली, आवाज चढले, एकजण उठून निघूनही गेला. शेवटी ठरले ते असे : मोठ्या घरांचे जाळे दोन दिवस लावायचे, किलोवरचे जे येईल ते काढून पैसे सर्वांत वाटायचे, बारीक जाळे पाण्यात उतरवायचे नाही, आणि मिरगापर्यंत रोज रात्री चौघांनी राखण करायची. बाहेरच्यांपासूनही आणि आपल्यातल्यापासूनही, असे बाबा शेवटी बोलले, आणि हसण्यावारी नेऊन लोक उठले. राखणीच्या पहिल्या रात्री त्या तरण्या मुलाचेच नाव घातले होते. ही योजना कोणाची, हे मी विचारले नाही.

मधल्या दिवसांत मेहुण्यांनी आम्हां सर्वांना बोरला नेले. सेलू तालुक्यातले बोर नदीवरचे धरण आणि भोवतालचे सागाबांबूचे रान. १९७० साली ते अभयारण्य झाले, २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. देशातल्या व्याघ्रप्रकल्पांत आकाराने अगदी धाकटा, पण पाणी मात्र भरपूर. संध्याकाळी काठावर उभे राहिलो तर समोर मासे उसळत होते, आणि भाच्याचा हात आपोआप नसलेल्या काठीकडे जात होता. तिथे मासेमारीची मर्यादा शून्य आहे. अशी मर्यादा पाटीवर लिहायला फार सोपी. वाघाला, पाणपक्ष्यांना, मगरीला कुठेतरी माणसाशिवायचे पाणी हवे, यात वाद नाही. परंतु परतीच्या वाटेवर मेहुण्यांनी शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या तोतलाडोहची हकिकत सांगितली. पेंच नदीवर धरण बांधायला आलेली मजूर कुटुंबे काम संपल्यावर तिथेच राहिली आणि त्या जलाशयातल्या मासळीवर जगू लागली. जलाशय पेंचच्या राष्ट्रीय उद्यानात, मासेमारी बंद. पकडापकडी, मारामाऱ्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २००२ साली ती वस्तीच उठविण्यात आली. मोटारीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. माझे मत विचाराल तर, ज्या पाण्यात शून्य लिहायचे तिथल्या माणसांचे काय, हेही त्याच कागदावर लिहायला हवे होते.

शून्य आपल्याकडे देवांनीही लिहिलेले आहे, आणि ते लोक आनंदाने पाळतात. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वाड्याकडे वैतरणेवर तिळसे आहे. तिथल्या डोहांतले मोठमोठे खवले मासे देवाचे. लोक त्यांना खायला घालतात, त्यांच्यावर गळ कोणी टाकीत नाही. पण देवाचा डोह म्हणजे नदीतली दहावीस वाव जागा; वरखाली मासेमारी चालूच असते. समुद्रावरही आमच्या लहानपणी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवलेल्या असत. तेव्हा समुद्र खवळलेला असतो म्हणून, आणि मासळी गाभोळीने भरलेली असते म्हणूनही. अलीकडे सरकारने त्याचे १ जून ते ३१ जुलै असे कोष्टक केले. २०२३ साली पापलेटाला राज्यमासा ठरविले आणि ५४ जातींची किमान लांबी बांधून दिली. या सर्व गोष्टी चांगल्याच आहेत. पण बाजारात वीतभराहून लहान सुरमई पाहिली की मला त्या टोपलीवाल्या बाईची आठवण होते. तिला विचारून नियम केले असते तर बरे झाले असते.

आम्ही मुंबईला परतलो, पाऊस आला, आणि श्रावणात पुन्हा वर्ध्याला जाण्याचा योग आला. सौ.च्या मावशीचे सहस्रचंद्रदर्शन होते. या खेपेला काठी नेली नव्हती, मोसम बंद. तरी तळ्यावर गेलोच. तळे तुडुंब भरले होते, बाभळींचे पाय पाण्यात गेले होते. नव्या ठेक्याचा कागद अजून आलेला नव्हता. अर्ज गेला होता, त्रुटी निघाल्या होत्या, त्या भरून पुन्हा गेला होता. कागद नाही म्हणून बोटुकली घ्यायला पैसे कोणी द्यायला तयार नव्हते. आणि बोटुकली सोडायचे दिवस तर निघून चालले होते. जूनमध्ये सोडून दिलेली ती पावकिलोची रोहू मात्र आता चांगली वाढली असणार. पाणी खोल, त्यामुळे दिसत नव्हती, एवढेच. तरणा मुलगा चौकीत बसून मोबाइलवर अर्जाची चौकशी करीत होता. माझ्याशी नीट बोलला, पण थोडे तुटकच.

बाबांनी आम्हांला डोंग्यात घालून काठाकाठाने नेले. एके ठिकाणी त्यांनी बांबू रोवून डोंगा थांबविला आणि बोट दाखविले. लव्हाळ्यांच्या मधल्या स्वच्छ पाण्यावर थाळीएवढा एक लालसर डाग हलत होता. नीट पाहिल्यावर कळले, शेकडो पिल्ले! आगपेटीच्या काडीएवढी, नारिंगी लाल. सगळी एकदम वर येत, हवा घेत आणि एकदम खाली जात. आणि त्यांच्या खाली, काळ्या सावलीसारखी, पुरुषभर हात लांब अशी मरळ.

मरळीसारखा गळवाल्याचा मासा दुसरा नाही. ती झडप घालते, काठी वाकविते, पाण्याबाहेर उसळी घेते. आणि पिल्लांवर असताना तर ती समोर येईल त्याला चावते. बेडूक असो, पान असो, नाहीतर रबरी मासा असो. भुकेने नव्हे, रागाने. तेव्हा तिला धरण्याइतके सोपे काही नाही. नर-मादी दोघेही पोरांची राखण करतात. ती गेली की तासाभरात तो सगळा लाल डाग दुसऱ्या माशांच्या पोटात.

भाच्याच्या खिशात, मला ठाऊक नसताना, गुंडाळलेली दोरी आणि गळ निघाला. त्याने काही केले नाही. नुसता हातात घेऊन पाहिला. बाबांनी त्याच्याकडे न पाहता म्हटले, “पोट्टे हाय तिच्याजवळ.” मुलाने गळ परत खिशात टाकला.

थोड्या वेळाने बाबांनी मला विचारले, “जवाईबापू, तो तुमच्या पुतन्याचा फोटू दाखवा ना जी पुन्हा. दोन्ही डोळे एकाच अंगाले हाय म्हनता तो.”

मी मोबाइल दिला. उन्हात तो आडवातिडवा धरून त्यांनी बराच वेळ पाहिला.

“अन् एकच घेऊन घरी गेला?”

“एकच.”

“बाकीच्या दिसल्या असन ना त्याले?”

“नाही बाबा. फार खोल समुद्र. दोरीच पन्नास-शंभर वाव जाते खाली. काही दिसत नाही.”

“मंग काय,” बाबा म्हणाले, आणि मोबाइल माझ्या हातात देऊन त्यांनी बांबू उपसला. “आमाले तं रोज दिसते.”

डोंगा हळूच मागे सरकला. लाल डाग पुन्हा एकदा वर आला, फुटला, आणि लव्हाळ्यांच्या आत गेला.